तळपायाची आग थेट मोबाइलात!

आपल्या एका पावलात हाडं किती, माहीत आहे का? २६! आणि सांधे? चक्क ३३! दिवसभर आपला सगळा भार हे पाऊल उचलतं, आणि आपण त्याच्याकडे बघतो कधी? खडा टोचला की! पण डायबेटिस जुना झाला की पायाच्या नसा बोथट होतात आणि टोचलेला खडा कळतच नाही. पायच बोलायचा बंद झाला, तर त्याच्या वतीने बोलणारं काहीतरी घरात हवं ना? ते बनवण्याची जगभर धमाल शर्यत सुरू आहे. चला, पाऊल टाकूया!

आधी आकड्यांचा डोस

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये आलेल्या पाहणीनुसार भारतात डायबेटिस असलेले लोक किती? सुमारे १०.१ कोटी! डायबेटिस असलेल्या दर शंभरांपैकी १९ ते ३४ जणांना आयुष्यात कधी ना कधी पायाला जखम होते. ती भरली म्हणून सुटलो असंही नाही. भरलेल्यांपैकी सुमारे ४० टक्के जणांची जखम वर्षभरात पुन्हा डोकं वर काढते. म्हणूनच पहारा हवा, तोही रोजचा, तोही घरी.

जादूचा आकडा: २.२

कातडी फाटण्याच्या कितीतरी आधी आत सूज येते, आणि सुजलेली जागा तापते, माहीत आहे का? म्हणून दोन्ही पायांच्या त्याच त्या जागांचं तापमान मोजायचं. फरक २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त आणि दुसऱ्या दिवशीही तसाच? मग घंटी वाजलीच म्हणून समजा! डावा-उजवा अशी तुलना कशासाठी? बाहेर नागपूरचा मे असो नाहीतर महाबळेश्वरचा जानेवारी, दोन्ही पाय हवा एकच खातात. म्हणजे हवामानाचा हिशोब आपोआप कटाप!

औषध कोणतं? बसा!

अमेरिकेत २००७ मध्ये एक चाचणी प्रसिद्ध झाली. जास्त धोका असलेले १७३ जण, १५ महिने. काहींना घरी रोज तळवे मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर दिला. फरक वाढला की नर्सला फोन करायचा आणि तापमान उतरेपर्यंत चालणं कमी करायचं, बस्स. निकाल? नेहमीच्या उपचारांच्या गटात सुमारे २९ टक्के जणांना जखम झाली, थर्मामीटरवाल्यांत फक्त साडेआठ टक्के!

२० सेकंदांची चटई

बाथरूमबाहेरच्या पायपुसण्यासारखी दिसणारी एक चटई भविष्य सांगते, माहीत आहे का? अमेरिकेतल्या पोडिमेट्रिक्स कंपनीची ही स्मार्ट मॅट. रोज २० सेकंद तिच्यावर उभं राहायचं. ती तळव्यांचा उष्णतेचा नकाशा काढते आणि परस्पर पाठवूनही देते. २०१७ च्या अभ्यासात १२९ जणांनी ती वापरली. पुढे झालेल्या जखमांपैकी ९७ टक्क्यांची चाहूल तिला आधीच लागली होती. किती आधी? सरासरी ३७ दिवस! पोराचे पाय पाळण्यात, तर डायबेटिसचे पाय चटईत! मात्र त्याच अभ्यासात खोट्या इशाऱ्यांचं प्रमाण ५७ टक्के होतं. म्हणजे मॅडम हुशार, पण जरा घाबरट!

आणि एकच पाय असेल तर?

तुलनेला दुसरा पायच नाही! पाय गमावलेल्यांचा उरलेला पाय सर्वांत मोलाचा, आणि नेमकं तिथेच गणित अडतं. म्हणून संशोधकांनी एकाच पायाच्या वेगवेगळ्या जागांची आपसात तुलना करणारं वेगळं गणित मांडलं. शाब्बास!

मोजे जे मोजतात

मोज्यांनी मोजायचं? होय! सॅन फ्रान्सिस्कोच्या सायरन कंपनीने कापडातच तापमानाचे सेन्सर विणले. एका मोज्यात अंगठा, चवडा, मधला तळवा, टाच अशा सहा जागी पहारेकरी. वॉशिंग मशीनमध्ये टाकले तरी चालतात!

बुटातून मनगटावर मेसेज

इकडे तापमान, तर मँचेस्टरमध्ये दाब! २०१९ च्या एका चाचणीत ५८ जणांच्या बुटांत दाब मोजणारे इनसोल घातले. त्यांतल्या एका गटाच्या स्मार्टवॉचवर इशारा यायचा: अमुक जागी फार वेळ दाब पडतोय, भार हलवा! इशारे मिळालेल्या गटात जखमा ७१ टक्क्यांनी कमी. पाय गप्प बसला, तरी घड्याळ टिकटिकलं!

अरे वा, हे तर बेंगळुरूचं!

बॅटरीशिवायही हुशारी जमते, माहीत आहे का? बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सने तिथल्याच कर्नाटक इन्स्टिट्यूट ऑफ एंडोक्रायनॉलॉजी अँड रिसर्चच्या साथीने थ्रीडी प्रिंटिंगची खास पादत्राणं बनवली. तळात छोट्या कमानी असतात. एखाद्या जागी दाब ठरावीक मर्यादेपुढे गेला की तिथली कमान फटकन उलटी होते आणि भार आजूबाजूला वाटला जातो. पाय उचलला की कमान पुन्हा जागेवर!

होम मॉनिटरिंगचा पहिला हिरो: मांजर!

आता जरा फ्लॅशबॅक. तमिळनाडूच्या कोल्ली डोंगरात १९१४ मध्ये जन्मलेले डॉ. पॉल ब्रँड वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करायचे. रुग्णांची बोटं रात्रीत झिजलेली दिसायची. कारण काय, माहीत आहे का? उंदीर! संवेदनाच नाही, त्यामुळे कुरतडताना जागही यायची नाही. उपाय ठरला: घरी जाताना प्रत्येकाने सोबत मांजर न्यायचं. हसू नका हं! टांझानियातल्या डॉक्टरांनी डायबेटिसच्या बधिर पायांना उंदीर चावल्याच्या घटनांची रीतसर नोंद केली आहे.

वेदना बनवायची फॅक्टरी

हेच ब्रँड पुढे अमेरिकेत लुइझियानातल्या कारव्हिलला गेले आणि त्यांनी चक्क कृत्रिम वेदना बनवायला घेतली! हातमोजे आणि मोज्यांत सेन्सर, धोका आला की आवाज. लोकांनी आवाजाकडे दुर्लक्ष केलं. मग विजेचा झटका देऊन पाहिला. तर रुग्ण काम उरकेपर्यंत यंत्रच बंद करून ठेवायचे! आजच्या प्रत्येक गॅजेटवाल्याने हा धडा गिरवावा: इशारा माणसाने ऐकला तरच कामाचा.

घोड्याच्या केसापासून नायलॉनपर्यंत

डॉक्टर तळव्याला बारीक नायलॉनचा तंतू टेकवतात ना? तो बरोबर १० ग्रॅम दाबाला वाकतो. त्याचे पूर्वज कोण, माहीत आहे का? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मन शास्त्रज्ञ फॉन फ्राय स्पर्श तपासायला घोड्याचे केस वापरायचे!

झिरो बजेट टेस्ट

आता घरी करायची गंमत, तीही फुकट! इंग्लंडच्या इप्सविचमधली ही टेस्ट. आईला किंवा बाबांना डोळे मिटायला सांगा. तर्जनीच्या टोकाने अंगठा, करंगळी आणि मधलं बोट यांच्या टोकांना, दोन्ही पायांवर, एक-दोन सेकंद अलगद स्पर्श करा. दाबायचं नाही, टिचकी मारायची नाही, गुदगुल्या तर नाहीच! त्यांनी फक्त ‘डावा’ की ‘उजवा’ एवढंच सांगायचं. सहांपैकी दोन किंवा जास्त स्पर्श हुकले? मग डॉक्टरांची वेळ घ्या.

नागपूरची पावलं

पाय वाचवायच्या कामात आपलं नागपूर आघाडीवर आहे, माहीत आहे का? तिथले डॉ. शरद पेंडसे आणि टांझानियाचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांनी ‘स्टेप बाय स्टेप’ हा कार्यक्रम उभा केला. डॉक्टर आणि त्यांचे सहकारी, दोघांना जोडीने पायाच्या काळजीचं शिक्षण! कारण चटई कितीही स्मार्ट असो, तिचा इशारा कळून पुढे काय करायचं ते माणसालाच ठाऊक हवं.

आता तुमची पाळी

चटई, मोजे, इनसोल घरोघर येतील तेव्हा येतील. तोवर रोज झोपण्याआधी तळवे बघा, वाकता येत नसेल तर आरसा धरा, बोटांच्या बेचक्या विसरू नका. चप्पल घालण्याआधी आत हात फिरवा. आणि शुगर दाखवायला डॉक्टरांकडे गेलात की कुणी सांगायची वाट बघू नका. मोजे काढा, पाय पुढे करा आणि म्हणा, “डॉक्टर, हेही बघा!”