दगड पडतो, गाडी थांबते



नववीच्या विज्ञानात गतीची तीन समीकरणे येतात. मुले ती पाठ करतात. पण गणित समोर आले की कोणते समीकरण घ्यावे, इथेच घोटाळा होतो. म्हणून सूत्राकडे वळण्याआधी तीन गोष्टी वहीत मांडाव्यात : सुरुवातीचा वेग किती, शेवटचा किती, आणि दर सेकंदाला तो किती वाढतो वा घटतो. या वाढीघटीलाच त्वरण म्हणतात. एवढे मांडले की अर्धे गणित सुटले म्हणून समजा.

पहिले उदाहरण विहिरीचे. कठड्याबाहेर न वाकता हात पुढे करून एक खडा नुसता सोडला, फेकला नाही. दोन सेकंदांनी तो पाण्यावर आदळला. तर पाणी किती खोल?

सुरुवातीचा वेग शून्य. पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला ९.८ मीटरने वाढतो. सोयीसाठी १० धरू. दोन सेकंदांनी वेग झाला सेकंदाला २० मीटर. आता विद्यार्थी चटकन २० ला २ ने गुणतो आणि ४० मीटर लिहून मोकळा होतो. पण खडा सारा वेळ २० च्या वेगाने थोडाच पडत होता? वेग शून्यापासून २० पर्यंत सारख्या प्रमाणात वाढत गेला. म्हणजे सरासरी वेग १०, आणि अंतर २० मीटर. साधारण ६५ फूट. मोजताना अर्धा सेकंद जास्त धरला तर हेच उत्तर ३१ मीटर येते. तेव्हा चारपाच वेळा खडा सोडून वेळेची सरासरी काढावी.

यात पहिल्या सेकंदात खडा ५ मीटर पडला आणि दुसऱ्यात १५. तिसरा सेकंद मिळता तर २५ मीटर पडला असता. एकास तीन, तीनास पाच, असे हे प्रमाण. इटलीच्या गॅलिलिओने उतरत्या फळीवरून गोळे सोडून ते शोधले आणि १६३८ साली ग्रंथातून जगापुढे ठेवले.

आता गणित उलटे करू. नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर असे करीत लातूरला निघालेली एस.टी. समजा ताशी ७२ किलोमीटरने चालली आहे. आधी एकके जुळवून घ्या : ७२,००० मीटरांना ३,६०० सेकंदांनी भागले की सेकंदाला २० मीटर. पुढे रस्त्यावर अचानक शेळ्यांचा कळप आला. ब्रेक लागल्यावर वेग दर सेकंदाला ४ मीटरने घटतो असे धरू. २० मधून चार-चार वजा करा. पाच सेकंदांत गाडी उभी. सरासरी वेग १०, म्हणून अंतर ५० मीटर. शिवाय कळप दिसून ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद जातो. त्यात २० मीटर गेले. एकूण ७०.

तीच गाडी ताशी ३६ किलोमीटरने असती तर? वेग सेकंदाला १० मीटर, थांबायला अडीच सेकंद, सरासरी वेग ५. ब्रेकचे अंतर साडेबारा मीटर, आधीचे १० मिळवून साडेबावीस. वेग निम्मा झाला, पण ब्रेकचे अंतर चौथाईवर आले. कारण वेळही निम्मा झाला आणि सरासरी वेगही निम्मा.

समजा कळप ३० मीटरवर आहे. सावकाश येणारी गाडी अलीकडेच थांबते. वेगातल्या गाडीला मात्र ब्रेकसाठी फक्त १० मीटर उरतात. इथे वेळ दिलेला नाही आणि विचारलेलाही नाही, म्हणून तिसरे समीकरण घ्यावे : २० चा वर्ग ४००, त्यातून २ गुणिले ४ गुणिले १०, म्हणजे ८० वजा; राहिले ३२०. त्याचे वर्गमूळ सुमारे १८. म्हणजे कळपापाशी पोहोचताना गाडी ताशी ६४ किलोमीटरने धावतच असते! ओल्या रस्त्यावर तर वेग याहूनही हळू घटतो.

एक पथ्य पाळावे. त्वरण कायम असेल तरच ही सरासरी आणि ही समीकरणे चालतात.

गुरुजींनो, शाळेच्या मैदानावर टेपने साडेबावीस आणि ७० मीटर मोजून चुन्याच्या दोन खुणा करा आणि मुलांना एकीपासून दुसरीपर्यंत चालवा. रस्ता ओलांडण्याआधी गाडी किती लांब असावी, हे त्यांच्या पायांना कळेल; आणि हीच मुले उद्या मोटारसायकलवर बसतील, तेव्हाही त्यांना ते आठवेल.