लाल ब्लॉक, दाबलेली हवा

१९८५ सालची युरोपियन टूरिंग कार चॅम्पियनशिप जिंकली ती व्होल्वो २४० टर्बोनं. बीएमडब्ल्यू आणि रोव्हरच्या चपळ गाड्या शर्यतीत असताना ही चौकोनी, वजनदार, मुलांना शाळेत सोडायला आणि बाजारहाट करायला बनवलेली स्वीडिश सेडान पुढे निघून गेली. प्रेक्षकांनी तिला ‘उडती वीट’ असं नाव दिलं. एगेनबर्गर संघातर्फे इटलीचा जियानफ्रांको ब्रांकातेल्ली आणि स्वीडनचा थॉमस लिंडस्ट्रॉम यांनी ती चालवली होती. पुढच्याच वर्षी न्यूझीलंडच्या रॉबी फ्रान्सेव्हिकनं याच मॉडेलवर ऑस्ट्रेलियन टूरिंग कार चॅम्पियनशिपही जिंकली.

या गाडीचं इंजिन अवघं २१२७ सीसीचं होतं. चार सिलिंडर आणि आठ व्हॉल्व्ह. शोरूममधून बाहेर पडणाऱ्या २४० टर्बोत ते १५५ हॉर्सपॉवर द्यायचं. शर्यतीच्या गाडीत ते ३०० च्या घरात गेलं होतं. टर्बो मोठा झाला होता हे खरंच, पण क्रँकशाफ्ट आणि पिस्टन फोर्ज केलेले होते, कनेक्टिंग रॉड खास घडवलेले होते आणि सिलिंडरमध्ये जाणाऱ्या हवेत पाण्याचा फवारा मारण्याची सोय होती. मोठ्या टर्बोचं कौतुक सगळे करतात. गाडी शर्यतीच्या शेवटापर्यंत टिकली ती मात्र या बाकीच्या कामामुळे.

आज चाळीस वर्षांनीही स्वीडन, नॉर्वे, फिनलंड आणि अमेरिकेत हौशी लोक घरच्या गॅरेजमध्ये जुन्या व्होल्वोचं इंजिन खोलून त्यावर टर्बो चढवतात. २४० मालिका १९७४ ते १९९३ अशी जवळपास दोन दशकं बनत राहिली आणि २८ लाखांहून जास्त गाड्या विकल्या गेल्या, त्यामुळे भंगारात सुटे भाग मुबलक. इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा, भिंती जाड, आणि कारखान्यातूनच लाल रंगवलेला. हौशी मंडळींत तो ‘रेडब्लॉक’ म्हणून ओळखला जातो.

टर्बोचार्जरची कल्पना स्विस इंजिनिअर आल्फ्रेड ब्यूखीची. त्याचं पेटंट १९०५ चं. पेट्रोल जाळून मिळणाऱ्या उष्णतेचा मोठा वाटा सायलेन्सरमधून बाहेर जातो. त्या गरम वायूच्या वाटेत एक पंख्याचं चाक ठेवायचं, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक बसवायचं आणि त्या चाकानं बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये भरायची. जास्त हवा म्हणजे जास्त पेट्रोल जाळता येणार, आणि तेवढी ताकद जास्त. जोरात पळणाऱ्या गाडीत हा दांडा मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे घेतो. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉसनं लिबर्टी विमान-इंजिन कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या १४ हजार फुटांवरच्या शिखरावर नेलं आणि तिथल्या विरळ हवेत टर्बोच्या जोरावर त्यातून साडेतीनशे हॉर्सपॉवर काढून दाखवली. सपाटीवर ते इंजिन जवळपास तेवढीच ताकद द्यायचं.

मोटारगाडीत टर्बो यायला १९६२ साल उजाडलं. त्या वर्षीच्या ओल्ड्समोबाइल जेटफायरची गोष्ट टर्बो बसवू पाहणाऱ्या प्रत्येकानं वाचावी अशी आहे. कंपनीनं साडेतीन लिटरच्या व्ही-८ वर टर्बो बसवला, पण कॉम्प्रेशन रेशो १०.२५ इतका चढा ठेवला. एवढ्या दाबात पेट्रोल-हवेचं मिश्रण वेळेआधी आपोआप पेट घेतं आणि इंजिन नॉक करू लागतं. त्यावर उपाय म्हणून डिस्टिल्ड पाणी आणि मिथेनॉल यांचं मिश्रण बूस्टच्या, म्हणजे टर्बोनं जादा दाब देण्याच्या, वेळी आत सोडलं जाई. ‘टर्बो रॉकेट फ्लुइड’ असं त्याचं नाव, आणि त्याची टाकी मालकानं वेळोवेळी भरायची. अनेकांनी ती भरलीच नाही. टाकी रिकामी झाली की यंत्रणा बूस्ट कमी करायची, आणि मालक गाडीत दम नसल्याची तक्रार घेऊन यायचे. शेवटी कंपनीनं कित्येक गाड्यांवरचा टर्बो काढून साधा कार्बोरेटर लावून दिला.

नॉकिंगच्या मुळाशी उष्णता असते. सायकलचा पंप भराभर मारला की त्याचं तोंड हाताला चटका देतं. टर्बोतही तेच घडतं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर. बाहेर २७ अंश सेल्सिअस असताना हवा ०.७ बारनं दाबली, तर सर्वसाधारण टर्बोतून ती ९५ अंशांच्या आसपास तापून बाहेर पडते. नागपूरच्या मे महिन्यातली ४५ अंशांची हवा घेतली तर आकडा ११५ च्या पुढे जातो. तापलेली हवा फुगते. त्यामुळे दाब १.७ पट झाला तरी सिलिंडरमध्ये पोचलेली हवा वजनानं जेमतेम १.४ पट भरते. मध्ये हवा थंड करणारा इंटरकूलर बसवून तीच हवा ४५ अंशांवर आणली की वजन १.६ पट होतं, आणि नॉकिंगचा धोकाही घटतो. म्हणून जाणता माणूस बूस्ट वाढवण्याआधी इंटरकूलर मोठा करतो. या एका निर्णयावरून बांधणाऱ्याला विषय किती कळलाय ते दिसतं.

आता इंजिन खोलूया. रेडब्लॉकची २.३ लिटरची बी२३० ही आवृत्ती १९८५ च्या मॉडेलपासून आली. इंजिन हलकं आणि कमी घर्षणाचं करायचं म्हणून कंपनीनं सुरुवातीच्या वर्षांत कनेक्टिंग रॉड बारीक केले; त्यांची जाडी ९ मिलिमीटर. १९९० च्या मॉडेलपासून १३ मिलिमीटरचे जाड रॉड आले. वरून दोन्ही इंजिनं अगदी सारखी दिसतात. खालचं ऑइलचं चेंबर उतरवून आत पाहिल्याशिवाय कोणते रॉड आहेत ते डोळ्यांना दिसत नाही. बारीक रॉडवर बूस्ट चढवला की एक दिवस रॉड वाकतो किंवा तुटतो आणि ब्लॉकच्या भिंतीतून बाहेर येतो. म्हणून ब्लॉकवर कोरलेला क्रमांक आणि मॉडेलचं वर्ष ताडून पाहिल्याशिवाय अनुभवी लोक भंगारातलं इंजिन उचलत नाहीत.

जपायची दुसरी जागा पिस्टन रिंगची, आणि हे काम फार बारीक नजरेचं. रिंग सिलिंडरमध्ये बसवली की तिच्या दोन टोकांमध्ये केसाएवढी फट राहते. इंजिन तापलं की रिंग लांबते आणि फट मिटत जाते. टर्बो इंजिनात उष्णता जास्त, म्हणून फटही जास्त ठेवावी लागते: ९६ मिलिमीटरच्या बोअरला साधारण अर्धा मिलिमीटर. फट कमी पडली तर दोन्ही टोकं एकमेकांवर दाबली जातात, रिंग सिलिंडरच्या भिंतीत रुतते आणि पिस्टनचा वरचा काठ तुटतो. म्हणून कारागीर प्रत्येक रिंग तिच्याच सिलिंडरमध्ये सरळ बसवतो, फीलर गेजनं फट मोजतो, बाहेर काढून कानशीनं एकदोनदा घासतो आणि पुन्हा मोजतो. चार सिलिंडर, प्रत्येकी दोन कॉम्प्रेशन रिंगा. या कामाला अख्खी दुपार गेली तरी ती वाया गेलेली नसते.

हेड गॅस्केटच्या बाबतीत कंजुषी करायचीच नाही. हेडचं फेसिंग करून घ्यायचं, अनेक पातळ पोलादी थरांचं गॅस्केट घालायचं आणि जुन्या बोल्टऐवजी जास्त ताकदीचे स्टड वापरायचे.

टर्बो कोणता निवडायचा, यावर हौशी लोक रात्र रात्र वाद घालतात. लहान टर्बो लवकर दाब देतो पण वरच्या आरपीएमला गुदमरतो. मोठा टर्बो उशिरा जागा होतो. हिशेब हवेच्या वजनावर करायचा. ३०० हॉर्सपॉवर हवी असेल तर इंजिनाला मिनिटाला सुमारे साडेतेरा किलो हवा लागते. एवढी हवा पुरवणारा स्वस्त आणि दणकट टर्बो पुष्कळांना ट्रकच्या भंगारात सापडला: होलसेट कंपनीचा एचएक्स ३५. कमिन्सच्या ५.९ लिटर डिझेल इंजिनावर तो असतो. डॉज रॅम पिकअपमधलं हे इंजिन आपल्यालाही अनोळखी नाही, कारण याच घराण्यातली इंजिनं टाटाच्या ट्रकमध्ये वर्षानुवर्षं धावली आहेत आणि साताऱ्यातल्या फलटणला टाटा कमिन्सचा कारखाना आहे. लाखो किलोमीटर माल वाहण्यासाठी बनवलेला टर्बो कारमध्ये सहज तग धरतो, फक्त त्याला पुरेसं आणि स्वच्छ ऑइल मिळायला हवं. टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. वापरलेलं ऑइल परत चेंबरमध्ये जातं ते केवळ उताराच्या जोरावर, म्हणून परतीची नळी जाड आणि सतत खाली उतरणारी हवी. तिला मध्येच वळसा पडला की ऑइल तुंबतं, सीलमधून गळतं आणि सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागतो. लांब पल्ला मारून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर आयडल ठेवायचं, हे टर्बो डिझेल चालवणाऱ्या आपल्या ड्रायव्हरांनाही ठाऊक आहे. तापलेल्या बेअरिंगमध्ये अडकलेलं ऑइल करपू नये, हे त्यामागचं कारण.

साडेतेरा किलो हवेसोबत मिनिटाला सुमारे दीड लिटर पेट्रोल जळतं. मूळचे इंजेक्टर आणि पंप याला पुरे पडत नाहीत, आणि इंजिनाचं नियंत्रण करणाऱ्या मूळच्या ईसीयूला एवढ्या हवेचा हिशेबच माहीत नसतो. पूर्वी इथेच घोडं अडायचं. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रूस बाउलिंग आणि अल ग्रिपो या दोघा अमेरिकनांनी ‘मेगास्क्वर्ट’ नावाचा ईसीयू तयार केला. ग्राहकानं सर्किट बोर्ड आणि सुटे भाग घेऊन तो स्वतः सोल्डर करायचा आणि लॅपटॉपवरून त्याचे इंधन आणि इग्निशनचे तक्ते भरायचे. कंपन्यांच्या बंद खोलीतलं ज्ञान यामुळे सामान्य हौशी माणसाच्या टेबलावर आलं, आणि जुन्या गाड्यांच्या दुनियेत याहून मोठी घटना क्वचितच घडली असेल.

तक्ते भरणं हे खरं कसबाचं काम. सावकाश चालवताना एका ग्रॅम पेट्रोलला १४.७ ग्रॅम हवा चालते, पण पूर्ण बूस्टवर हे प्रमाण १२ च्या खाली आणतात. जादा पेट्रोल आतली उष्णता शोषून घेतं. जोडीला इग्निशनचं टायमिंग मागे घ्यायचं. एकीकडे वाइडबँड ऑक्सिजन सेन्सरवर नजर, दुसरीकडे नॉकिंगकडे कान, आणि बूस्ट अगदी थोडाथोडा वर. स्वीडनमध्ये इथेनॉलमिश्रित ई-८५ इंधनाची मोठी मदत झाली. मोठ्या पंपांनी एक तरी अपारंपरिक इंधन ठेवलंच पाहिजे, असा नियम तिथं २००६ मध्ये लागू झाला आणि बहुतेकांनी ई-८५ ठेवलं. इथेनॉल नॉकिंगला दाद देत नाही, पण ते व्हॉल्यूमनं साधारण तिसऱ्या हिश्श्यानं जास्त लागतं, म्हणजे इंजेक्टर आणखी मोठे.

एवढं करूनही गाडी पूर्ण झालेली नसते. २४० मधला एम-४७ गिअरबॉक्स या ताकदीपुढे तग धरत नाही. क्लच, रेडिएटर, ब्रेक सगळंच वाढवावं लागतं. स्वीडनमध्ये अशा गाड्यांची तपासणी करणारी एसएफआरओ ही गाडीबांधणाऱ्यांचीच संघटना आहे. तिच्या तपासनिसानं पसंत केल्यावर पुढची सरकारी नोंदणी होते.

भारतात ही वाट नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकानं नमूद केलेल्या मूळ तपशिलांशी नोंदणीतले तपशील जुळणार नाहीत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते ठासून सांगितलं. त्यामुळे मुंबई-पुण्यातल्या एखाद्याला जुन्या एस्टीम किंवा झेनवर असं इंजिन बांधायचंच असेल, तर ते फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाच्या मान्यतेनं होणाऱ्या स्पर्धांसाठीच, आणि तेही गटाच्या नियमांत बसत असेल तर. अशी गाडी चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टई किंवा कोइमतूरच्या कारी ट्रॅकपर्यंत ट्रेलरवर चढवूनच न्यायची.