बोले यांचा ठराव आणि तळ्याचे पाणी

भंडारा हा तलावांचा जिल्हा. एकोडीच्या श्रोत्यांस तळ्याचे मोल आम्ही सांगावयास नको. परंतु गावात तळे असणे निराळे आणि त्याचे पाणी सर्वांना घेता येणे निराळे. या दुसऱ्या गोष्टीसाठी कायदेमंडळात झटलेल्या एका सभासदाची आज आपण ओळख करून घेऊ.

रावबहादूर सीताराम केशव बोले यांचा जन्म १८६८ चा. ते भंडारी समाजातले. मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी काम करणाऱ्या कामगार हितवर्धक सभेचे ते एक पुढारी होते. पुढे ते मुंबई कायदेकौन्सिलात गेले. १९१९ च्या सुधारणांनी कौन्सिलात लोकप्रतिनिधी वाढले खरे, पण त्यांचा ठराव म्हणजे सरकारला केलेली शिफारस. तो काही कायदा नव्हे.

४ ऑगस्ट १९२३ रोजी बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने बांधलेल्या वा चालविलेल्या विहिरी, तळी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा त्याचा आशय. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले चवदार तळे कागदोपत्री खुले केले. प्रत्यक्षात मात्र कोणी ओंजळभर पाणी घेऊ शकले नाही!

बोले यांचे मोठेपण आम्हांस येथे दिसते. ठराव झाला म्हणजे आपले काम संपले, असे त्यांनी मानले नाही. १९२६ मध्ये त्यांनी पुन्हा ठराव आणला : ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे हे मानणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो लोक चवदार तळ्यावर गेले. तेथे पाणी प्याले म्हणून त्यांना मारही खावा लागला. कोर्टाचा शेवटचा निकाल लागावयास १९३७ साल उजाडले.

आपला जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता. मुंबईचा ठराव येथे लागू नव्हता. १९५० च्या राज्यघटनेने मात्र ही प्रांतांची वेस पुसली. तिच्या पंधराव्या कलमात विहिरी व तळी यांचा स्पष्ट उल्लेख आहे.

बोले १९६१ साली वारले. दादरच्या एका रस्त्यास त्यांचे नाव आहे. पण त्यांचे खरे स्मारक तळ्याकाठीच शोधले पाहिजे. आपल्या प्रतिनिधीने किती ठराव मांडले एवढेच विचारून भागत नाही. मांडलेल्या ठरावाचे पुढे काय झाले, हे पाहावयास तो परत आला काय, हेही आपण विचारावे.