दाखला अडवता येत नाही

जून उजाडला की शाळेच्या ऑफिसात हे हमखास कानावर येतं : "आधी फी भरा, मग दाखला." पालक निमूट मागे फिरतात, कारण शाळेला तसा अधिकार आहे असं त्यांनी धरलेलं असतं. शिक्षण हक्क कायदा, 2009 वेगळंच सांगतो. पहिली ते आठवीतलं मूल सरकारी वा अनुदानित शाळेत जाणार असेल, तर कलम 5 प्रमाणे मुख्याध्यापकांनी शाळा सोडल्याचा दाखला तत्काळ द्यायचा असतो. टाळाटाळ केली तर त्यांच्यावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, आणि दाखला आला नाही म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता येत नाही. थकलेली फी माफ होत नाही, ती शाळेने रीतसर वसूल करावी. पण मोठ्यांच्या देण्याघेण्यात मुलाचं वर्ष गहाण ठेवणं हा सरळसरळ अन्याय आहे. म्हणून नुसतं तोंडी विचारून थांबू नका. तारीख घालून लेखी अर्ज द्या, स्वतःच्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. दाद लागली नाही तर तीच प्रत घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा.

दाखला हाती पडला की तिथेच उभं राहून वाचा : आईचं नाव, अक्षरी जन्मतारीख, जात-पोटजात. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली ओळच त्यावर उतरते, आणि पुढे जात पडताळणीत हाच कागद मागतात. शाळा सोडल्यावर त्यातली चूक कायमची राहते, हाही गैरसमजच. रजिस्टरमध्ये परस्पर खाडाखोड करता येत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते, हे खरं. मात्र उघड दिसणारी चूक शाळा सोडल्यानंतरही दुरुस्त होऊ शकते, असा निर्वाळा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2019 मध्ये दिला आहे.

गैरसमज दाखल्यापुरतेच नाहीत. तपासलेली उत्तरपत्रिका गोपनीय असते, असं अनेक शिक्षकही मनापासून मानतात. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगितलं आहे की स्वतःची उत्तरपत्रिका पाहणं हा परीक्षार्थीचा माहिती अधिकार आहे. दहावी-बारावीची छायाप्रत राज्य मंडळ शुल्क घेऊन देतं. जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत 10 रुपयांचा माहिती अर्ज चालतो, उत्तराची मुदत 30 दिवस.

"आधार नसेल तर प्रवेश नाही" हेही खरं नव्हे. सर्वोच्च न्यायालयाच्या 26 सप्टेंबर 2018 च्या निकालानुसार शाळाप्रवेशासाठी आधारची सक्ती करता येत नाही. 'अपार' या विद्यार्थी ओळख क्रमांकासाठी तर पालकांची संमती लागते, आणि ती नाकारता येते. वर्गशिक्षकांना उद्दिष्ट गाठायचं असतं, म्हणून फॉर्म घाईने पुढे केला जातो. त्यांची अडचण समजून घ्यावी, पण सही वाचल्यावरच करावी.

आणि मुलांचे फोटो, गुणांची यादी? मूल शाळेचं, म्हणून शाळेने हे सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा फ्लेक्सवर कुठेही टाकावं, हे आपण फार सहज मान्य करून बसलो आहोत. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. 18 वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, हे त्याचं मूळ सूत्र आहे. शाळांना काही सवलती आहेत, त्या शिक्षण आणि सुरक्षेपुरत्या. जाहिरातीचा फ्लेक्स त्यात बसत नाही. प्रवेश अर्जाच्या शेवटी बारीक अक्षरात छायाचित्रांच्या वापराची ओळ असते. ती पटत नसेल तर तिच्यावर काट मारून शेजारी 'संमती नाही' लिहा, सही करा आणि त्या पानाची झेरॉक्स घरी ठेवा.