विश्लेषण : डोमेनचे नाव चुकले, तर ब्रँडला किती महागात पडते?

देशातील सर्व बँकांनी आपली संकेतस्थळे 'डॉट बँक डॉट इन' या पत्त्यावर न्यावीत, असा आदेश रिझर्व्ह बँकेने दिला आणि त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत ठरवली. वरवर हा तांत्रिक बदल वाटतो. पण संकेतस्थळाच्या पत्त्यावर ग्राहकाचा विश्वास आणि कधी कधी त्याचे पैसेही अवलंबून असतात. तो पत्ता निवडताना कंपन्यांचे कुठे चुकते, ते पाहू.

डोमेन म्हणजे नेमके काय?

डोमेन म्हणजे इंटरनेटवरील पत्ता. तो कायमचा विकत मिळत नाही. ठरावीक वर्षांसाठी नोंदवावा लागतो आणि मुदत संपण्याआधी शुल्क भरून नूतनीकरण करावे लागते. एकाच नावाची दुकाने गावोगावी असू शकतात, मात्र 'डॉट कॉम'वर ते नाव जगात एकालाच मिळते. तेही जो आधी नोंदवेल त्याला.

'जिओहॉटस्टार'बाबत काय घडले?

जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार एकत्र येणार, अशी चर्चा सुरू असताना दिल्लीतील एका अॅप डेव्हलपरने २०२३ मध्येच 'जिओहॉटस्टार डॉट कॉम' नोंदवून ठेवले. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने त्याच पानावर रिलायन्सला उद्देशून संदेश लिहिला : केंब्रिजमधील शिक्षणाचा खर्च द्या, डोमेन घ्या. पुढे हे डोमेन दुबईतील दोन भावंडांकडे गेले आणि त्यांनी ते कंपनीला मोफत देण्याची तयारी दाखवली. १४ फेब्रुवारी २०२५ रोजी जिओहॉटस्टार सुरू झाले. पण त्याआधीच नव्या ब्रँडच्या नावाची पहिली चर्चा दुसऱ्याच कुणाच्या पानावरून झाली होती.

उशिरा घेतलेल्या पत्त्याची किंमत किती?

इलेक्ट्रिक मोटारी बनवणारी टेस्ला अनेक वर्षे 'टेस्लामोटर्स डॉट कॉम'वर होती. 'टेस्ला डॉट कॉम' तिला २०१६ मध्ये मिळाले. त्यासाठी दहा वर्षांहून अधिक काळ आणि १.१ कोटी डॉलर लागले, असे इलॉन मस्क यांनी नंतर सांगितले. दरम्यान कंपनी बॅटरीच्या व्यवसायातही उतरली होती. त्यामुळे 'मोटर्स' हा शब्द तिला अपुरा पडू लागला होता.

छोटा पत्ता नेहमीच चांगला का नसतो?

अमेरिकेतील ओव्हरस्टॉक या ऑनलाइन विक्री कंपनीने २०१० मध्ये 'ओ डॉट को' हे डोमेन साडेतीन लाख डॉलरना घेतले. २०११ मध्ये जाहिरातींतही तेच नाव झळकू लागले. पत्ता छोटा होता, पण लोकांच्या बोटांना सवय 'डॉट कॉम'ची होती. अनेक जण 'ओ डॉट कॉम' टाइप करत आणि दुकानापर्यंत पोहोचतच नसत. त्याच वर्षी कंपनीला जुन्या नावाकडे वळावे लागले.

'डॉट बँक डॉट इन' कशासाठी?

बँकेच्या नावाशी मिळतेजुळते 'डॉट कॉम' किंवा 'डॉट इन' डोमेन कुणीही नोंदवू शकतो. बनावट संकेतस्थळे अशीच उभी राहतात. 'डॉट बँक डॉट इन' मात्र केवळ बँकांना मिळते आणि त्याची नोंदणी फक्त हैदराबादची 'आयडीआरबीटी' ही संस्था करते. हा नियम सहकारी बँकांनाही लागू आहे. त्यामुळे नागरी सहकारी बँकांचे मोठे जाळे असलेल्या महाराष्ट्रातील खातेदारांनी तो समजून घ्यायला हवा.

नाव दुसऱ्याने घेतले तर?

डोमेनलाही ट्रेडमार्कसारखे संरक्षण मिळू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 'सिफी'च्या प्रकरणात २००४ मध्ये स्पष्ट केले. 'डॉट इन'च्या वादांसाठी 'निक्सी' संस्थेची लवादाची व्यवस्था आहे. पण लवादाला वेळ आणि पैसा लागतो. म्हणून पाटी रंगवण्याआधी डोमेन आणि ट्रेडमार्क दोन्ही तपासावेत. फोनवर एकदा सांगितले की समोरच्याला अचूक लिहिता येईल, असे नाव निवडावे. नोंदणी वेबसाइट बनवणाऱ्याच्या नव्हे, व्यवसायाच्या नावावर करावी आणि नूतनीकरणाची तारीख लक्षात ठेवावी.

ग्राहकाने पत्ता कसा वाचावा?

पत्त्यातील 'एचटीटीपीएस'नंतरच्या पहिल्या तिरक्या रेषेपर्यंतचा भाग पाहावा आणि तो शेवटाकडून वाचावा. 'आपलीबँक डॉट बँक डॉट इन' हा पत्ता बँकेचा. 'आपलीबँक-बँक डॉट इन' यात डॉटच्या जागी आडवी रेघ आहे, म्हणजे ते साधे 'डॉट इन' डोमेन झाले. 'आपलीबँक डॉट बँक डॉट इन डॉट केवायसी डॉट कॉम' याचा खरा मालक 'केवायसी डॉट कॉम' आहे. आधीचे शब्द केवळ फसवण्यासाठी. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर लांब पत्त्याचा शेवट अनेकदा दिसत नाही. अशा वेळी पूर्ण पत्ता उघडून पाहावा, त्यानंतरच पासवर्ड किंवा ओटीपी टाकावा.