नेणिवेतला उच्चार

बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यांत 'पाणी'चे 'पानी' होते आणि 'डोळा'चा 'डोया' होतो. 'ण'चा 'न' आणि 'ळ'चा 'य' हा वऱ्हाडीचा नियमच आहे. कुणबी, माळी, बौद्ध सारेच असे बोलतात. तरीही 'अशुद्ध' हा शिक्का दलित विद्यार्थ्याला अधिक बोचतो, कारण त्याच्या उच्चारातून लोक जातीचा माग काढतात.

हा विद्यार्थी पुण्याला गेला की काही महिन्यांत त्याचा 'न' बदलू लागतो. त्याला कोणी शिकवलेले नसते, त्याने ठरवलेलेही नसते. त्याच्याच खोलीतला दुसरा मात्र वर्षानुवर्षे 'पानी'च म्हणतो. हा फरक बुद्धीचा नव्हे, असे मला वाटते.

ऐकलेले ध्वनी माणूस नकळत उचलतो. हॉवर्ड जाइल्स यांनी १९७० च्या दशकात मांडले की, जवळीक हवी तिथे बोलणे समोरच्याकडे सरकते, दुरावा हवा तिथे लांब जाते. ॲलन यू आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात श्रोत्यांना एक गोष्ट ऐकवली. सांगणाऱ्याविषयी ज्यांचे मत अनुकूल होते आणि ज्यांचा स्वभाव नव्याला मोकळा होता, त्यांनी त्याचे उच्चार अधिक उचलले. मॉली बेबल यांचे २०१० चे संशोधन अधिक बोलके आहे. न्यूझीलंडच्या लोकांनी ऑस्ट्रेलियन माणसाचे शब्द ऐकून उच्चारले. त्याने त्यांच्या देशाची स्तुती केली की निंदा, याने फरक पडला नाही. मनात दडलेला ऑस्ट्रेलियाकडचा कल मात्र उच्चारात उतरला.

म्हणजे जीभ घोषणांचे ऐकत नाही, नेणिवेचे ऐकते. आणि नेणिवेत उच्चनीचतेची उतरंड शतकानुशतके रचलेली आहे. पण मैत्रीतून सरकलेला उच्चार आणि न्यूनगंडातून सरकलेला उच्चार कानाला सारखेच लागतात. म्हणून पुण्याहून परतलेल्याला 'हा आता बामनी बोलतो' असे हिणवणाऱ्या कार्यकर्त्यानेही थांबावे. केवळ आवाजावरून निष्ठा मोजणे ही प्रस्थापितांचीच रीत आहे.

शिक्षकांना माझे सांगणे एवढेच की, 'ण' जरूर शिकवा, परीक्षेत आणि मुलाखतीत तो लागतो. पण त्याआधी वऱ्हाडीचा नियम फळ्यावर लिहा. आपली बोली चूक नसून नियमबद्ध आहे, हे मुलाला कळू द्या. मग तो 'ण' उचलेल तो लाजेने नव्हे, आणि घरी आईशी बोलताना 'पानी' म्हणायला कचरणारही नाही.