रोवणी आणि शाळा

गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी तालुक्यातलं चिचगड हे धानाचं आणि जंगलाचं गाव. आषाढात बांधीत चिखल झाला की रोवणी सुरू होते आणि इथल्या शाळांतली हजेरी रोडावते. पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, कधी उपटायचे, बांधीत पाणी किती ठेवायचं, धुरा फुटला तर काय करायचं, हे तिसरी-चौथीतल्या पोरांना ठाऊक असतं. शाळेच्या वहीत मात्र त्या दिवसांची नोंद एकच : गैरहजर.

याची खंत जास्त वाटते, कारण हाताने शिकण्याचा विचार आपल्याला परका नव्हता. 1937 च्या ऑक्टोबरात गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद भरवली. भंडारा जिल्हा, म्हणजे आजचा गोंदियाही, तेव्हा वर्ध्याच्याच मध्य प्रांतात होता. परिषदेने नेमलेल्या झाकिर हुसेन समितीने सात वर्षांच्या शिक्षणाचा आराखडा दिला. त्यात हस्तोद्योग हा केवळ विषयांपैकी एक नव्हता; गणित, भूगोल, भाषा त्याच्यातूनच उलगडायची होती. सूत मोजताना बेरीज, कापसाचा माग काढताना भूगोल. तिकडे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला माँटेसरींची महागडी साधनं बाजूला ठेवून बिया, शंख-शिंपले, पानं हाती घेतली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी त्यांची शाळा कुरणात गेली.

पुढे वर्ध्याची ही ‘नई तालीम’ ओसरली. कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात कार्यानुभवाचा आग्रह धरला, पण बहुतेक शाळांत त्याची आठवड्यातली एक तासिका झाली आणि कागदाची फुलं भिंतीवर लागली. माझ्या मते घसरण झाली ती इथे.

फिनलंडने 1866 मध्ये लोकशाळेत हस्तकला आणली आणि आजही ती मुलामुलींना सक्तीची आहे. जपानने 1992 पासून पहिली-दुसरीचं विज्ञान आणि समाजशास्त्र काढून ‘जीवनाभ्यास’ ठेवला. मूल कुंडीत वेल लावतं, रोज पाहतं, चित्र काढतं, मग लिहितं. दोन्ही देशांनी त्यासाठी वेळापत्रकात खरी जागा केली.

चिचगडच्या भागात तर प्रश्न भाषेचाही आहे. घरी गोंडी किंवा हलबी बोलणारं मूल पुस्तकी मराठीपुढे गप्प बसतं; त्याच्या हातात पऱ्ह्यांची पेंढी द्या, ते करून दाखवतं आणि दाखवता दाखवता बोलू लागतं. एका पेंढीत किती रोपं, हातभर ओळीत किती मावतात, अख्ख्या बांधीला किती पेंढ्या लागतील, हे गणित त्याच्या रोजच्या कामातलंच आहे. शिक्षण हक्क कायद्याचं 29 वं कलम कृतीतून आणि शोधातून शिकवा असं सांगतंच. तेव्हा रोवणीचे ते आठ-पंधरा दिवस मास्तरांनी वर्ग घेऊन बांधीवर जावं आणि हजेरी तिथेच मांडावी.